बाकावर बसणारे संशोधक

उंब्रजजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात सांगलीहून एक संशोधक यायचे. दवाखान्यातली माणसं रोजच्या कामातून काय शिकतात, हा त्यांचा विषय. मी डॉक्टर म्हणून खुर्ची पुढे करायचो, तरी ते पेशंटांच्या बाकावरच बसत. कुणी काही सांगितलं की म्हणत, "मला नीट कळलं नाही, परत सांगा." आणि माणसं पहिल्यापेक्षा जास्त सांगत.

एकदा आमची सिस्टर त्यांना म्हणाली, "बीपी बघताना मला ठोकं नीट ऐकू येत न्हाईत. अंदाजानं लिवते."

सात वर्षं ती माझ्या हाताखाली होती. मला कधी बोलली नव्हती.

त्यांनी वही मिटली, बाही वर केली. "घ्या, जमेपर्यंत मोजा." आठवडाभर रोज दुपारी ते हात देऊन बसले. आकडा बरोबर आहे का, ते मात्र मला तपासायला लावत.

शेवटी सिस्टरनं बीपी बघायला माझाच हात मागितला. "सर, तुमचं लय वाढलंय. मीठ कमी करा."

मी पुन्हा मोजून पाहिलं. तिचं बरोबर होतं. तसं सांगायला मान वर केली, तर ती संशोधकांकडं बघून हसत होती.