चहाचा सर्व्हे आणि अप्पांचा वाढदिवस

मंडळी, आज दुपारी आमच्या मुलुंडच्या घरी चहाचा सर्व्हे करणारी मुलगी आली. मी उत्तरं द्यायला तयारच होते, तर तिने विचारलं, "ताई, घरात पुढचा वाढदिवस कुणाचा?"

"सासऱ्यांचा. का गं?"

"मग प्रश्न त्यांनाच विचारायचे, असा आमचा नियम आहे. नाहीतर प्रत्येक घरात दार उघडणारीच बोलते ना."

आमचे अप्पा तसे अबोल. पण खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आल्याचा चहा मला कधीच आवडला नाही."

मी रोज त्यांच्यासाठी म्हणून आलं किसते, यार.

"अप्पा, कधी बोलला नाहीत ते?"

"आज विचारलं ना कुणीतरी."

एवढीशी युक्ती, आणि घरातल्या गप्प माणसाचाही नंबर लागतो. मी अजून थक्क आहे.

तुमच्या घरात पुढचा वाढदिवस कुणाचा?