माझ्या नावाची फुंक

देवीनं मला वाचवलं, असं मी कोणाला सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, मग तुझी छाती का नाही बरी केली तिनं? झालं ते तसंच लिहितो. शाळा दुसरीपर्यंत, हात जड आहे, चूकभूल समजून घ्यावी.

तलासरीकडे एका खडी मशीनवर मी बावीस वर्षं काम केलं. वरून दगड सोडायचा, मशीन तो फोडते आणि पांढरी भुकटी उडते. ती भाकरीवर बसते, पापणीवर बसते. तोंडाला रुमाल बांधला की दम कोंडतो म्हणून मी बांधत नव्हतो, आणि बांधणाऱ्यांना हसत होतो. गेल्या पावसाळ्यानंतर चढावर सायकल ढकलतानाही धाप लागायला लागली. बायकोला म्हटलं, वय झालं. स्वतःलाही तेच सांगितलं, पण आतून चैन पडेना. बसलो की उठावंसं वाटे, उठलो की बसावंसं.

अशात मशीनवर तपासणीची गाडी आली. धुळीत काम करणाऱ्यानं नळीत फुंकून छाती दाखवायची, असा नियम आहे म्हणे. बातमी अशी उठली की ज्याची फुंक कमी, त्याला घरी बसवणार. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. कारण मी तारपा वाजवणारा. भोपळ्याचं आमचं वाद्य, त्यात फुंक तुटू द्यायची नसते. गालात वारा राखायचा, त्यावर वाजवत राहायचं आणि नाकानं नवा घ्यायचा. गाडीतल्या पोरीनं नाकाला चिमटा लावला, तो मी काढून टाकला आणि गाल फुगवून संथ, लांब फुंकलो. ती बोलली, "बाबा, गाल नका फुगवू. छाती भरून घ्या आणि एका झटक्यात सगळा वारा बाहेर, शेवटपर्यंत." मी बोललो, "पोरी, फुंकायला तू शिकवणार मला?" सहा वेळा फुंकलो. कागदावरची रेघ गांडुळासारखी आली. ती म्हणाली, हे धरता येणार नाही, डहाणूच्या दवाखान्यात जाऊन परत करा. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हाताऱ्याचा भोपळा फुटला रे!" आख्खी रांग हसली.

खरं सांगायचं तर तारप्याचा नंतर नुसता बहाणा होता. तिसऱ्या वेळी मी गुपचूप तिचं ऐकलं होतं. जोरात सोडायला गेलो आणि खोकल्यानं दुमडलो. काय ते तेव्हाच कळलं होतं मला.

आठ दिवसांत कागद आणायचा होता. मग मी ते ठरवलं ज्याची आजही लाज वाटते. माझा भाचा आशागडला राहतो, फुग्याच्या कारखान्यात कामाला. पस्तिशीचा, बैलासारखा गडी. माझ्या नावानं त्यानं फुंकायचं. तो हसून बोलला, "मामा, फुगेवाल्याकडे फुंक मागताय होय? एकावर एक फुकट घ्या!" दवाखान्याच्या दारात अकराला भेटायचं ठरलं.

सकाळी एसटीनं निघालो. वाटेत महालक्ष्मीच्या देवळाशी उतरायचं काही ठरलं नव्हतं, पण जीव इतका तगमगत होता की गाडी थांबली तसा उतरलो. वाटलं, नारळ ठेवावा आणि आईलाही या कामात आपल्या बाजूला ओढावं. देवळाच्या पायऱ्या त्या थोड्याच, तरी मधेच बसलो. शेजारी एक बाई बसली होती, बोलण्यावरून गुजरातकडची. माझी धाप बघत होती.

"काका, दगडात काम करता?"

मी चमकलो. "कोण बोललं तुला?"

"कोणी नाय. माझे घरवाले असेच बसायचे, हात गुडघ्यावर टेकून. दगड घासायच्या कारखान्यात होते. तपासणी आली तर धाकट्या भावाला उभा केला, स्वतःच्या नावावर. कागद एकदम चोख आला." तिनं पदर सावरून घेतला. "कागद अजून घरात हाय. ते नाय."

माझ्या हातातला नारळ घामानं ओला झाला. मी तिला एक शब्द सांगितला नव्हता. "मोडुं थाय छे," म्हणजे उशीर होतोय, असं पुटपुटत ती उठली आणि गेली. नाव विचारायचं राहिलं. आत गेलो तर मागणंच सुचेना. जन्मभर हे दे, ते दे केलं. त्या दिवशी तोंडातून एवढंच निघालं, "आई, खोटं फुंकणार नाही. पुढचं तू बघ." बोललो आणि लगेच राग आला, तिचाही आणि स्वतःचाही. काम जाणार हे समोर दिसत होतं. चारोटीवरून डहाणूपर्यंत जीपमध्ये मी ते वचन मनात मागे घेत होतो आणि परत देत होतो.

भाचा माझ्या नावाचा केसपेपर काढून उभा होता. मी नाही म्हटल्यावर तापला. "खाडा केला ना मी तुमच्यासाठी!" मीही तापलो. "मग काढ तुझ्याही नावाचा आणि फुंकून जा, खाडा वसूल!" रागात बोललो, त्यात दुसरा काही विचार नव्हता.

मला आत घेतलं. नाकाला चिमटा लावला, या वेळी राहू दिला. तारपेवाला छाती कधी पूर्ण रिकामी करत नाही, थोडा वारा नेहमी राखून ठेवतो. तो राखलेला सोडायची मला भीती वाटत होती. मनात म्हटलं, घे आई, आणि सोडला. डोळ्यांपुढे अंधारी आली, खोकलो, पाणी प्यालो, परत सोडला. मग भाचा हसत हसत बसला. फुंकून झालं तरी तपासणारी बाई त्याला उठू देईना. परत फुंका, परत फुंका. मग तिनं विचारलं, कामाला कुठे? फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावतात, त्या पांढऱ्या पावडरीत तो दहा वर्षं होता.

दोघांच्या छातीचे फोटो काढून झाल्यावर डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं. माझी छाती दगडाच्या धुळीनं गेली, भरून येणार नाही, धुळीत परत पाय ठेवायचा नाही. भाच्याची बिघडायला लागली आहे, पण आत्ताच पावडरीतून निघाला तर बरीच वाचेल.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा कुठे लक्षात आलं. ठरल्याप्रमाणे त्यानं माझ्या नावानं फुंकलं असतं, तर त्याचा तो कागद माझ्या नावावर लागला असता. वर नाव माझं म्हणून दोषही माझाच धरून मी तो फाडून टाकला असता, आणि हा उद्या परत पावडरीत गेला असता, बैलासारखा, हसत. मी आईकडे माझं काम मागायला गेलो होतो. तिनं ते दिलं नाही. जे मागायचं मला ठाऊकच नव्हतं, ते दिलं.

मशीन सुटली. अजून सकाळी पाय तिकडे वळतात, घरात बसवत नाही, बायकोवर उगाच ओरडतो. मन पूर्ण आईवर सोपवलं असं कोणत्या तोंडानं सांगू? रोज थोडं सोपवतो, थोडं परत ओढून घेतो. भाचा आता चिकूच्या वाडीत कामाला आहे. मधूनच मी तिकडे जातो आणि झाडाखाली बसतो. तो वर चढतो, फळं काढतो आणि वरूनच ओरडतो, "मामा, नुसते बसू नका, टोपली धरा!" चढताना बोलतो, बोलताना चढतो, दम लागत नाही. मी टोपली धरतो आणि हात त्यात गुंतलेले म्हणून मान खाली घालून आईला मनातच हात जोडतो.