डब्यातले नऊ ग्रह

आमच्या प्रयोगशाळेत लेथवर काम करणारे सरदारजी सगळ्यांना 'जी' लावत, ग्रहांनासुद्धा. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांनी पितळेचे नऊ ग्रह घडवले, आणि आम्ही दोघं ते पोचवायला त्यांच्या स्कूटरवरून निघालो.

अतिरेक्यांचे दिवस होते. चौकात झडती झाली. डब्यातले गोळे आणि ते टांगायच्या तारा पाहताच शिपायाने बंदूक रोखली. मी घराण्यातला पहिला पदवीधर, पण सरदारजींच्या मागे सरकलो.

सरदारजी हात वर करून शांतपणे म्हणाले, "सूरज तो इस डब्बे में आता ही नहीं जी. ये उसका परिवार है. बुधजी सबसे पास, फिर शुक्रजी, फिर अपनी धरती. कड़ीवाले शनिजी."

शिपायाने वाकून एकेक गोळा मोजला. नऊ भरले.

"मेरे लड़के को मंगल के आगे याद ही नहीं रहता," म्हणत त्याने बंदूक खाली केली.

"प्रदर्शनी में भेज दो जी, हाथ लगाके देख लेगा."

पुढच्या वळणावर सरदारजींनी स्कूटर थांबवली. त्यांचे हात इतके थरथरत होते की हँडल धरवेना.

"अब आप चलाओ जी."

मी किक मारली, आणि शाळा येईपर्यंत आम्ही दोघंही वेड्यासारखे हसत होतो.