कोकरांचा अर्ज

फुकट सल्ला देणारी माणसं आमच्या संभाजीनगरात गल्लोगल्ली भेटतात. पण तो नीट कसा द्यावा याचा ध्यास घेतलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो लॉ कॉलेजात आमच्याच नशिबी प्राध्यापक म्हणून आला. रविवारी सकाळी सगळं जग लोळत असताना सर क्रांती चौकात स्कूटर लावून हजर. आम्ही विद्यार्थी डोळे चोळत जमलो की पहिला हुकूम सुटायचा, "कोट काढा. काळा कोट दिसला की गरीब माणूस आधी खिसा चाचपतो." मग आमची वरात पडेगावच्या पुढच्या एखाद्या वस्तीवर. तिथं पक्षकार सतरंजीवर बसणार आणि भावी वकील मातीत. लिहिलेला अर्ज पक्षकाराला वाचून दाखवायचा आणि तो "व्हय, हेच म्हणायचंय मला" असं म्हणेपर्यंत त्याची सही घ्यायची नाही, हा सरांचा कायदा. राज्यघटनेत दुरुस्त्या झाल्या, यात कधी झाली नाही.

एका रविवारी एक मेंढपाळ बाई धापा टाकत आली. तिच्या मेंढ्या कुणाच्या तरी शेतात शिरल्या म्हणून गावच्या कोंडवाड्यात डांबल्या होत्या, आणि दूधपिती कोकरं पालावर उपाशी ओरडत होती. आम्हाला स्फुरणच चढलं. ग्रामसेवकाच्या नावे असा अर्ज ठोकला, की उच्च न्यायालयानंसुद्धा सावरून बसावं. मेंढ्यांना आम्ही मूलभूत हक्कही बहाल करून टाकले. बाईनं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"नाय ओ दादा. ह्यात माजी कोकरं कुठायत?"

सरांनी कागद टराटरा फाडला. चिडले की ते थेट गावच्या बोलीवर यायचे. "कलमं लई झाली! मावशी काय म्हणती, त्ये लिवा."

आया आत आहेत, पिल्लं बाहेर उपाशी आहेत, आधी सोडा, चौकशी मागून करा, एवढंच लिहिलं. बाई "व्हय" म्हणाली. ग्रामसेवक तो कागद वाचून जेवत्या ताटावरून उठला आणि त्यानं स्वतः कुलूप काढलं. मेंढ्या पालाकडं सुसाट सुटल्या. त्या बें-बेंच्या कालव्यात प्रत्येक कोकराला आपली आई बरोबर सापडली.

आम्ही टाळ्या पिटत होतो. सर मात्र डोळे पुसत उभे होते.

"माझ्या बापाची मेंढरं अशीच कोंडली हुती," ते हळूच म्हणाले. "तवा अर्ज लिहून द्यायला कुणी आलं नाय. एक कोकरू माझ्या मांडीवरच गेलं."

मी कधी नव्हे ते त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आज सर नाहीत. त्या दिवशी संकोचून तो हात लगेच काढून घेतला, याचं अजून वाईट वाटतं.