मांडवाबाहेरची शिवी

न्हाणीमागे उभी राहून शकुंतलाने लहानपणी आई आणि मावशीचं भांडण ऐकलं होतं. मावशीने लग्नातलं शिवीचं गाणं दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हटलं, तेही व्याह्याचं नाव घेऊन. आई ओरडत होती, "मांडव उतरला का शिवी उतरली! मांडवात म्हटलं त हासणं, बाहेर म्हटलं त भांडण. इतकंही समजत नाही काय वो तुले?" मावशी मग दोन वर्षं त्या गावाला गेली नाही.

पुढे सासरी सौंसरात शकुंतलाने किती लग्नांत शिव्या गायल्या ते देवालाच ठाऊक. वराकडची माणसं पंगतीला बसली की ही एकेकाला नावानिशी सोलायची. ज्याला शिवी मिळाली नाही तोच रुसायचा. स्वतःच्या मुलीच्या, डिंपलच्या लग्नात तिने लोधीखेड्याच्या व्याह्यांवर नवंच रचलं:

रघुनाथराव इवाई आले, सतरा लाडू खाऊन गेले,
कढी पुसाले फडकं नाही, मिशीनंच पुसून नेली वो!

रघुनाथरावांना हसता हसता ठसका लागला. निघताना त्यांनी तिला लुगडं दिलं.

त्या मांडवात शेजारचा गजेंद्र मोबाइल धरून उभा होता. केस मानेवर, खांद्याला गिटार, गाणी स्वतःच लिहितो. कोण्या कंपनीचा आधार नाही. पोराने एकट्याने नागपूरच्या स्टुडिओत नऊ गाण्यांचा अल्बम काढला. आठ त्याची स्वतःची. त्यातलं पांढुर्ण्याच्या संत्र्यांवरचं तर शकुंतलालाही आवडलं होतं, खोटं कशाला बोला. पण नववं हे! ड्रम धडधडतात, गिटार किंचाळते, आणि मधूनमधून शकुंतलाचा मांडवातला आवाज. रघुनाथरावांच्या नावासकट.

आठही गाणी बाजूला राहिली आणि हेच धावलं. ऑटोत, पानठेल्यावर, वरातीत. रघुनाथराव बाजारात दिसले की माणसं मिशीवर हात फिरवायची. डिंपलला सातवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरचं. तेवढ्यात लोधीखेड्याहून फोन आला: "सूनबाई येणार नाही. बाळंतपण इथंच होईल. तुमच्या गावात आमच्या नावाचा तमाशा चालू आहे."

शकुंतला फोन ठेवून तशीच शेजारच्या दारात गेली.

"गज्या! बाहेर ये!"

"काकू, तुमचंही नाव टाकलं ना मी अल्बमवर. लोकं विचारून राहिले, ह्या कोण म्हणून."

"माह्या नावाचं लोणचं घालू काय? इवायाचं नाव काहून ठेवलं?"

"तेच त अस्सल आहे. नाव काढलं त गाण्यात काय उरते?"

"मंग तुह्या बापाचं घाल! तोही अस्सलच आहे."

गजेंद्र हसायला गेला आणि तिचा चेहरा पाहून थांबला. "काढून टाकतो, काकू. पण लोकांच्या मोबाइलमधून कसं काढू?"

हे खरं होतं, म्हणून तिला आणखीच राग आला. तोंडातली शिवी वाऱ्यावर जाते. ही मेली रोज ताजी.

"मांडवाबाहेर तूनं नेलं," ती म्हणाली. "आता मांडवही तूच घालशीन."

दुसऱ्या दिवशी दोघं लोधीखेड्याला गेले. चार बांबू आणि पळसाच्या डहाळ्या गजेंद्रच्या खांद्यावर. रघुनाथरावांच्या अंगणात त्याने पहारीने खड्डे खोदायला घेतले तसे ते बाहेर आले.

"हे काय चालवलं?"

"मांडव आहे, इवायबुवा." शकुंतला डोक्यावर पदर घेऊन खाली बसली. "लग्नात शेवटची शिवी माही होती. आता तुमच्या बायकांईले बोलवा आणि ह्याच मांडवात मले शिव्या द्या."

रघुनाथराव काही बोलायच्या आत त्यांची बायको नलिनी तीन शेजारणी घेऊन हजर. लग्नापासून तिच्या पोटात साचलंच होतं. ओसरीवर डिंपल पोटावर हात ठेवून उभी राहिली. नलिनीने विहिणीवर सूर लावला:

शकुंतला इहीन आली, रिकामा डबा घेऊन आली,
वरण तिचं इतकं पातळ, त्यात चंद्र पोहते वो!

मग तिचं नाक निघालं, चाल निघाली, घोरणं निघालं. वरणाचं मात्र शकुंतलाला लागलं. तरी ती ओठ दाबून बसून राहिली. गजेंद्रचा हात खिशाकडे गेला.

"मोबाइल काढशीन त हात तोडीन!" ती मागे न पाहता म्हणाली.

बायका हसून हसून वाकल्या. रघुनाथरावांची मिशी हलली. गाणी आटोपली तसा त्यांनीच एक बांबू उपटला.

"सूनबाईले रविवारी पाठवतो," ते म्हणाले. "पण तुह्या त्या गाण्याचं काय रे?"

"नाव काढून पुन्हा गातो, काकाजी," गजेंद्र खाली पाहत म्हणाला.

"माहा आवाजही काढ," शकुंतला म्हणाली.

"काकू, मंग गाणं मरते!"

"मरू दे."

घरी येऊन चप्पल न काढता तिने ज्वारीचा डबा उचलला आणि चक्कीवर गेली. चक्कीवाल्याच्या मोबाइलवर तेच गाणं चालू होतं. त्याने तिला पाहून घाईने बंद केलं.

"बारीक का जाड, बाई?"

"जाड. रोज काय विचारतं?"

ज्वारी दळून झाली. तिने पीठ चिमटीत चोळून पाहिलं, गरम डबा कमरेवर घेतला आणि घराकडे चालू लागली.