येऊन राहिली

त्या माणसाचा राग मला अजून येतो. तो कधीच वर गेला असेल, पण राग काही त्याच्यामागं गेला नाही. माझ्यापाशीच राहिला.

निजामाचं राज्य होतं. मराठीत बोलायला चार माणसं जमवायची तरी परवानगी काढावी लागायची. तशी ती काढून हिंगोलीत कापसाच्या जिनिंगच्या एका रिकाम्या शेडमध्ये साहित्याचा मेळावा भरवला होता. सकाळी नवशिक्यांसाठी लेखनाचे वर्ग, दुपारी भाषणं. मागच्या बाकावर एक पोलीस बसून सगळं उर्दूत टिपून घ्यायचा. वर्ग घ्यायला पुण्याकडचे एक गुरुजी आणले होते.

मी साखऱ्याहून बैलगाडीत बसून गेले. सोळा वर्षांची, आणि चार जुनी मासिकं वाचून फुगलेली. मला वाटायचं, माझ्या वेणीत खुद्द सरस्वती येऊन बसलीय. आमच्या गावात वारा सुटला की तोंडात तुरीचा भुसा जायचा, पण मी लिहायची 'मलयगिरीचा मंद समीर'. आज ती सोळा वर्षांची बया समोर आली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन.

माझी अक्का सोबत होती. तिचं सासर औंढ्याचं. दिवाळीला माहेरी आली अन् हिवतापानं तिला असं धरलं की संक्रांत होऊन गेली तरी जाणं झालं नाही. तेवढ्यात औंढ्यात कुजबुज सुरू झाली, "सून गेली ती गेलीच. टाकली म्हणतात." म्हणून तिचे सासरे, आमचे मामाजी, मेळाव्याच्या शेवटच्या दिवशी हिंगोलीत येऊन तिला घेऊन जाणार होते. चार लोकांदेखत सून घरी न्यायची, म्हणजे तोंडं बंद होतील. अक्का तर तिथं माझं साहित्य ऐकायला आलीच नव्हती. ती सासरी जायला आली होती.

वर्गात गुरुजींचा पहिला धडा हाच, "बोलतो तसं लिहायचं नसतं." आम्ही माना डोलावल्या. मी सगळ्यांत जास्त.

मी अक्काच्या येण्यावर लिहिलं होतं. बैलाचे घुंगरू वाजले, माय तव्यावरची भाकर तशीच टाकून पळाली, अक्का येऊन राहिली. आमच्याकडं 'येऊन राहिली' म्हणजे येते आहे, अजून वाटेत आहे. हे शेंबडं पोरगंही सांगेल.

गुरुजींनी चष्मा वर केला. "येऊन राहिली? किती दिवस राहिली?"

"जी, ती... येऊन राहिली."

"तेच विचारतोय. कायमची राहिली का?"

मला वाटलं, एवढा मोठा माणूस विचारतोय म्हटल्यावर आपलंच काही चुकत असेल! त्यांनी लेखणी उचलून माझी माय खोडली, तिथं माता बसवली. भाकर खोडली. शेवटी लिहिलं, 'भगिनी माहेरी आली, ती तिथेच राहिली.' त्यातला तो स्वल्पविराम मला इतका देखणा वाटला की मी म्हणाले, "व्हय जी, बराबर हाय."

बराबर हाय! जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

वर शेवटच्या दिवशी वाचायला निवड माझीच झाली. पण मुलीनं व्यासपीठावर उभं राहायचं नाही, म्हणून माझा मजकूर गुरुजीच वाचणार. आम्ही बायका गोणपाटाच्या पडद्यामागं. पहिल्या रांगेत पांढरा रुमाल बांधून मामाजी, आजूबाजूला औंढ्याची मंडळी. मी वेणी पुढं घेऊन टाळ्यांची वाट बघत होते. गुरुजींनी आधी सांगून टाकलं, "साखऱ्याच्या एका मुलीनं आपल्या बहिणीची ही सत्यकथा लिहिली आहे." मग गळा काढून वाचलं, "भगिनी माहेरी आली, ती तिथेच राहिली."

मामाजींची मान खाली गेली. पडद्याआडची एक बाई दुसरीला म्हणाली, "म्हंजी टाकली ते खरंच व्हय?"

अक्कानं माझं मनगट आवळलं. "काय लिवलंस गं सटवे?"

"म्या न्हाई लिवलं."

"मग कोणं? त्या बाबाला काय ठाव, मी कवा आले अन् कवा जाणार?"

त्या क्षणी वेणीतली सरस्वती उतरली अन् अंगात माझी माय शिरली. मी गोणपाट बाजूला सारून ओरडले, "ओ गुरुजी! अक्का येऊन राहिली न्हाई! अक्का येऊन राहिली!"

गुरुजी गोंधळले. "म्हणजे राहिली, की नाही राहिली?"

"राहिली न्हाई! येऊन राहिली!" सगळं शेडच ओरडलं. मागून पोलीस उठला, "आ रही है बोलते, गुरुजी! अभी रस्ते में है!" आमच्यावर पहारा करायला बसवलेल्याला आमची मराठी कळली, अन् मराठी शिकवायला आणलेल्याला नाही. पत्र्यांवर हशा आदळला.

मामाजी उभे राहिले. रुमाल नीट केला अन् पडद्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, पिशवी घ्या. गडी गाडी जुपून राहिला. आपण जाऊन राहिलो."

गुरुजींनी विचारलंच, "जाऊन कुठे राहणार?"

लोक पोट धरून हसले. मी नाही हसले. अक्का सगळ्यांकडं पाठ करून पिशवीत लुगडी कोंबत होती. हशानं तिची अब्रू वाचली खरी, पण त्याआधी त्या शेडमध्ये चार श्वासांपुरती ती नवऱ्यानं टाकलेली बाई होऊन बसली होती. एका स्वल्पविरामापायी. गुरुजी तर पाणी पिऊन पुढचा मजकूर वाचायलाही लागले. मी पुढं होऊन माझा कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला तेव्हा म्हणाले, "मुली, भाषेवर अजून संस्कार व्हायचे आहेत."

मी अक्काला गाडीपर्यंत पोचवायला गेले. मामाजी पुढं बसले. अक्का चढली, पदर सारखा केला, अन् कागदाकडं बोट दाखवून म्हणाली, "यापुढं माझ्यावर लिवशील तर आधी मला वाचून दाखव. त्याला न्हाई."

गाडी हलली. घुंगरू वाजले. अक्का जाऊन राहिली.