झोपूनही सावधान

बेळगावच्या स्टेशनवर तुम्ही सगळ्या बहिणी मला पोचवायला आला होतात. माझ्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने माझं नाव आणि पुढे 'लेफ्टनंट' असं ह्यांनीच रंगवलं होतं. हे तेव्हा सैन्यातच हवालदार, गाड्या दुरुस्त करणाऱ्या युनिटात. दोघांचं पोस्टिंग बेंगळूरला, गाडी एकच, पण प्रवासाच्या सरकारी वॉरंटवर माझा डबा फर्स्ट क्लासचा आणि ह्यांचा स्लीपरचा. बाबा म्हणाले, "नवऱ्याच्या पुढं पाऊल टाकू नको, बाळ." आणि माझा डबा नेमका ह्यांच्या पुढे जोडलेला. सुलू, तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "आता दाजी घरात रोज सॅल्यूट ठोकणार म्हण की." सगळ्या हसलात. मीही हसले. आज ते आठवलं की स्वतःच्या हसण्याचाही राग येतो.

ह्यांनी ट्रंक उचलून माझ्या डब्यात आणली. समोरच्या बाकावरचे गृहस्थ ह्यांना म्हणाले, "सामान ठेवलंस ना? मग उतर आता, मॅडमना बसू दे." मी तोंड उघडलं, तर ह्यांनी डोळ्यांनी गप्प केलं. "जी साब," म्हणाले आणि मागच्या डब्याकडे निघून गेले. त्या गृहस्थांनी मला अर्धं सफरचंद देऊ केलं. मी घेतलं नाही आणि रात्रभर त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्या बिचाऱ्यांना काय कळलं असेल देव जाणे.

सैन्यातली नर्स ही अधिकारी असते हे मला कुठे ठाऊक होतं? मी आपली खाजगी दवाखान्यात इंजेक्शनं देत होते. अर्ज ह्यांनीच आणून दिला. "तुझ्या खांद्यावर तारे आले तर माझं काय कमी होतंय?" हे त्यांचे शब्द. ते मनापासून म्हणाले होते, आणि मी मनापासून विश्वास ठेवला.

बेंगळूरला आल्यावर कळलं की आम्हा दोघांसाठी मिळून सैन्यात जागाच नाही. मी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये राहायचं तर हे बाहेर, जवानांच्या फॅमिली क्वार्टरमध्ये ह्यांच्याबरोबर राहायचं तर मी बाहेर. शेवटी चामराजपेटेत माडीवरची एक खोली भाड्याने घेतली. घरमालकीण अक्का आपल्याच, पण पिढ्यान् पिढ्या तिथल्या, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. पहिल्याच दिवशी दोरीवर वाळणारे दोन युनिफॉर्म बघून त्यांनी विचारलं, "यातला मोठा कुणाचा गं?" मी म्हटलं, माझा. "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आमच्या लग्नाबद्दल इतकं कमी बोललेलं माणूस मला दुसरं भेटलेलं नाही.

मग ह्यांचा अपघात झाला. वर्कशॉपमध्ये जॅक सरकला आणि ट्रकचं चाक पायावर आलं. आणलं ते माझ्याच हॉस्पिटलमध्ये, जवानांच्या वॉर्डात. माझी ड्यूटी लहान मुलांच्या वॉर्डात होती. निरोप मिळाला तशी मी धावत गेले आणि कॉटच्या काठावर बसले. दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, युनिफॉर्मवर जवानाच्या कॉटवर बसायचं नाही, बायको म्हणून जायचं तर भेटीच्या वेळी साडी नेसून जा. नवऱ्याचा पाय मोडलाय आणि मी काय नेसू ते ह्या ठरवणार. तळपायाची आग मस्तकात गेली, पण "यस मॅडम" म्हणून बाहेर पडले. सैन्यात राग गिळायला फार लवकर शिकवतात.

मिलिटरी हॉस्पिटलातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोठे डॉक्टर राउंडला आले की वॉर्डातला माणूस ओरडतो, "लेटे लेटे सावधान!" मग ज्यांना उठता येत नाही ते पडल्या पडल्या ताठ होतात. हात मांडीला चिकटलेले, नजर छताला, पाय प्लास्टरमध्ये असला तरी दुसऱ्याची टाच त्याच्याजवळ. ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

मी हिरवी साडी नेसले, डब्यात मऊ भात आणि मेतकूट घेतलं आणि इतरांच्या बायकांबरोबर वॉर्डात शिरले. कुणी ओरडलं नाही. पण मी कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. दारापासून एकेक कॉट ताठ होत गेली. टाके घातलेला, कमरेला वजन लटकवलेला, सगळे. त्यांच्या बायका स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या. आणि अगदी शेवटच्या कॉटवर माझा नवरा, हात मांडीला, नजर छताला.

"अहो," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही येऊ नका," छताकडे बघतच ते हळू म्हणाले. "सगळ्यांना त्रास होतो."

मॅडम. ज्याने माझी ट्रंक रंगवली त्या माणसाने मला मॅडम म्हटलं. मी मागे वळले आणि आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला, "विश्राम!" सगळा वॉर्ड सैल पडला. कुणी कण्हलं, कुणी कूस बदलली. एकटे हे तसेच ताठ राहिले. ते सैल पडले असते तर बायकोच्या ताऱ्यांवर आराम करतो असं कुणीतरी म्हटलं असतं, आणि ते त्यांना पायापेक्षा जास्त दुखलं असतं. मला तिथे सगळ्यांचा राग आला. मेट्रनचा, बाबांचा, सुलू तुझा, आणि सगळ्यांत जास्त ह्यांचा.

ह्यांना घरी सोडल्यावर आता सुटलो असं वाटलं. हे खोलीत सतरंजीवर पडून असायचे आणि मी दुपारची ड्यूटीवरून यायची. एकदा अक्कांनी मला जिन्याखालीच अडवलं. "स्वल्प थांब. बूट इथंच काढ."

"का हो?"

"तुझे बूट जिन्यावर वाजले की तो झोपेत ताठ होतोय. काल तांब्या ठेवायला गेलते, बघितलं मी. कुणाला सांगायचं नाही म्हणाला."

मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले, चांगली ओरडून रडले. हॉस्पिटल माझ्या घरात शिरलं होतं, आणि मीच ते पायात घालून आणत होते. मग बूट काढले आणि टोपीही खालीच अक्कांच्या फडताळात टाकली. अनवाणी वर गेले. हे झोपलेले होते, प्लास्टर एकीकडे, मुंडी दुसरीकडे, तोंड उघडं. मी त्यांच्या शेजारी पोळपाट घेऊन बसले आणि मुद्दाम जोरात लाटणं आपटलं. एक डोळा उघडून म्हणाले, "आलीस? केव्हाचा भुकेलोय." त्या दिवसापासून मी नोकरी संपेपर्यंत बूट वर नेले नाहीत.

आता दोघंही निवृत्त आहोत. बनशंकरीत दोन खोल्यांचं घर आहे. मिलिटरी कँटीनमध्ये आजही अधिकाऱ्यांची रांग वेगळी आणि जवानांची वेगळी. मी ह्यांच्या लांब रांगेत उभी राहते. पोरं म्हणतात, मॅडम, तुमची रांग पलीकडे. मी म्हणते, दिसतेय मला. हे बाजूला हळूच म्हणतात, सोड ना आता. मी सोडत नाही.

तुम्ही लग्नाकार्यात भेटलात की अजून तेच विचारता, दाजी घरात सॅल्यूट करतात का गं, आणि हसता. मी चिडते तर म्हणता, बेंगळूरची झाली, थट्टा कळत नाही. परत कधी येणार, घर ते घर, असंही वर म्हणता. बेळगावला यायला मला आवडेल, पण माझं घर तिथे नाही, इथे आहे. दुपारी बाजारातून आले की मी चपला घालूनच खोलीत शिरते, चांगल्या फटफट वाजवत. हे पलंगावर वेडेवाकडे पसरलेले असतात. हलत नाहीत.